'डार्क'चा पहिला भाग: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'डार्क' ही नेटफ्लिक्सवरची मालिका बघ, असं मी ज्याला ज्याला सांगितलं त्याचा पहिला भाग संपल्यावर रात्री मेसेज येतोच. काहींचा एकाच शब्दाचा असतो: 'म्हणजे?' काहींना नातीगोती लागलेली नसतात, काहींना झोप लागलेली नसते. तीच ती उत्तरं टाइप करून कंटाळलो, म्हणून सगळी इथे एकत्र ठेवतोय.

एक पथ्य पाळलंय. बोलणं फक्त पहिल्या भागाबद्दल आहे, पुढच्या भागांतलं काहीही फोडलेलं नाही. आणि पहिला भागही अजून बघितला नसेल, तर वरचे चार प्रश्न वाचून थांबा. बाकीचं उद्या वाचा.

ही मालिका नेमकी कुठली? एकूण केवढी आहे?

जर्मनीची. नेटफ्लिक्सने जर्मन भाषेत केलेली ही पहिली स्वतःची मालिका. पहिला सीझन 1 डिसेंबर 2017 ला आला, दुसरा जून 2019 मध्ये आणि तिसरा जून 2020 मध्ये. 10, 8 आणि 8 असे मिळून 26 भाग, आणि तिथे गोष्ट संपते. 'पुढच्या सीझनची वाट बघा' हा प्रकार नाही. कर्ते दोघं आहेत: दिग्दर्शक बारान बो ओडार आणि लेखिका यांट्ये फ्रीझ. पहिल्या भागाचं नाव 'गुपितं', लांबी पाऊण तासाहून थोडी जास्त.

कोणत्या भाषेत बघू? इंग्रजी डबिंग चालेल का?

चालेल, पण करू नका. जर्मन आवाज ठेवा आणि खाली सबटायटल्स लावा. गोष्ट ज्या गावात घडते तिथली माणसं कमी बोलतात. बोलता बोलता थांबतात, श्वास घेतात, वाक्य अर्ध्यात सोडून खिडकीबाहेर बघतात. डबिंगमध्ये ओठांशी शब्द जुळवायच्या नादात हे थांबणंच हरवतं, आणि पहिल्या भागातली अर्धी भीती त्या थांबण्यातच आहे. जर्मन येत नसेल तरी दहा मिनिटांत कान सरावतो. नावं तेवढी नीट ऐका. योनास, योना नव्हे. याना, जाना नव्हे.

घरी सगळ्यांबरोबर बघता येईल का?

लहान मुलांबरोबर नाही. आईवडिलांबरोबर बघायचं असेल, तर एक शारीरिक प्रसंग लवकरच येतो हे आधी सांगून ठेवतो. त्या वेळी पाणी आणायला उठावं लागतं. मी उठलो होतो.

गमतीची नाही अशीही एक गोष्ट आहे. पहिल्या काही मिनिटांतच एक आत्महत्या दाखवली आहे, आडपडदा न ठेवता. घरात किंवा ओळखीत असं काही घडलेलं असेल, तर तो तुकडा पुढे सरकवा. नंतर संवादांतून काय झालं ते कळतं, कथा अडत नाही. मन जड होत असेल, तर टेली-मानसचा 14416 हा मानसिक आधाराचा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो.

जेवता जेवता बघितलं तर?

आमटी सांडेल. सबटायटल्स आहेत, शिवाय चेहरे लक्षात ठेवायचे आहेत. आधी जेवून घ्या.

सुरुवातीला पडद्यावर येणारं आइन्स्टाइनचं वाक्य खरं आहे, की व्हॉट्सॲपवरच्या सुविचारांसारखं कुणीतरी त्यांच्या नावावर खपवलेलं?

खरं आहे, आणि ते कुठून आलंय हे कळल्यावर हा भाग वेगळाच दिसतो.

मिकेले बेसो हे आइन्स्टाइनचे झुरिकमधल्या विद्यार्थिदशेपासूनचे मित्र. पुढे बर्नच्या पेटंट कचेरीत दोघं सहकारी होते. 1905 च्या सापेक्षतेवरच्या निबंधात आइन्स्टाइननी शेवटी आभार मानले ते बेसोंचे. 15 मार्च 1955 ला बेसो गेले. त्यानंतर आठवड्याभरात आइन्स्टाइननी त्यांच्या घरच्यांना सांत्वनाचं पत्र लिहिलं. त्यातला आशय असा: या अजब जगातून तो माझ्या थोडा आधी निघून गेला, पण त्याला काही अर्थ नाही, भूत, वर्तमान आणि भविष्य यांतला भेद हा केवळ भ्रम आहे, भले तो कितीही चिवट असो. पडद्यावर येतं ते यातलं हे भ्रमाचं वाक्य. पुढे महिन्याभरातच, 18 एप्रिल 1955 ला, आइन्स्टाइनही गेले.

म्हणजे पडद्यावर दिसणारी पहिली ओळ भौतिकशास्त्राच्या पुस्तकातली नाही, ती मयताच्या घरी पाठवलेल्या पत्रातली आहे. आणि लगेच पुढच्या प्रसंगात काय घडतं? एक माणूस पत्र लिहून ठेवतो आणि जीव देतो. मला पहिल्या वेळी यातलं काही कळलं नव्हतं. आइन्स्टाइनचं वाक्य म्हणजे विज्ञानकथा आहे हे सांगणारी पाटी, असं समजून मी सोफ्यावर नीट मांडी घालून बसलो होतो.

पण भ्रम म्हणजे काय? घड्याळ तर पुढेच जातं की.

थोडक्यात सांगतो. समजा, फलाटाच्या दोन टोकांना दोन दिवे लागले. फलाटाच्या मधोमध उभ्या असलेल्या माणसाला ते एकाच क्षणी लागले. धावत्या गाडीत बसलेल्याच्या हिशेबाने मात्र एक आधी लागला, एक नंतर. दोघांपैकी चूक कुणाचीच नाही. गाडीच्या वेगाला हा फरक इतका सूक्ष्म असतो की कुठल्या घड्याळात दिसणार नाही, पण असतो. म्हणजे सगळ्या विश्वाला लागू होईल असं एकच 'आत्ता' नाही. आणि 'आत्ता'च सगळ्यांचं एक नसेल, तर 'होऊन गेलेलं' आणि 'व्हायचं असलेलं' यांच्यामधली रेघ कुठे ओढायची? आइन्स्टाइन बोलतायत ते या रेघेबद्दल. त्यातून मागे-पुढे जाता येतं असं ते म्हणत नाहीत. ती उडी मालिकाकारांची.

त्या वाक्यानंतर एक आवाज सांगतो की काल, आज आणि उद्या एकामागून एक येत नाहीत, ते एका न संपणाऱ्या वर्तुळात जोडलेले आहेत. ऐकायला अवघड वाटतं खरं, पण मराठी माणसाने फार दचकू नये. 'परवा' हा शब्द आपण मागे आणि पुढे दोन्हीकडे सर्रास वापरतो. 'परवा आला होता' आणि 'परवा येणार आहे.' क्रियापद येईपर्यंत समोरच्याला काळ कळत नाही, आणि तरी आपलं काही अडत नाही.

बरं, भागात नक्की होतं काय?

21 जून 2019 ला मिशाएल कानवाल्ड हा चित्रकार एक पाकीट बंद करून गळफास घेतो. पाकिटावर लिहिलंय: 4 नोव्हेंबरला रात्री 10 वाजून 13 मिनिटांच्या आत उघडू नये. पत्र सापडतं त्याच्या आईला, आणि ती ते लपवून ठेवते.

मग थेट 4 नोव्हेंबर, सोमवार. मिशाएलचा मुलगा योनास दोन महिन्यांचे मानसोपचार घेऊन शाळेत परततो. मित्राने सगळ्यांना सांगून ठेवलंय की तो फ्रान्सला गेला होता. विंडन गावातून एरिक नावाचा मुलगा तेरा दिवस बेपत्ता आहे. रात्री शाळेत पालकांची सभा भरते आणि पोरं जंगलातल्या गुहेकडे जातात, एरिकने तिथे लपवलेला अमली माल शोधायला. सोबत त्यांच्यातल्या दोघांचा धाकटा भाऊ मिक्केल, कारण त्याला सांभाळायला घरी कुणी नाही. गुहेतून आवाज येतो, बॅटऱ्या फडफडतात, सगळे पळत सुटतात. मिक्केल नाहीसा होतो.

एवढी माणसं! कोण कुणाचं, ते एकदा सांगता का?

सांगतो. चार घरं धरा.

कानवाल्ड: योनास, आई हाना, गेलेला बाप मिशाएल, आजी इनेस. नीलसन: उल्रिख पोलिसात, बायको काटारिना शाळेची मुख्याध्यापिका, मुलं माग्नुस, मार्टा आणि मिक्केल. उल्रिखची आई याना. उल्रिखचा धाकटा भाऊ माड्स 1986 मध्ये असाच नाहीसा झाला होता, हे विसरू नका. डॉप्लर: शार्लोटे पोलिसप्रमुख, म्हणजे उल्रिखची वरिष्ठ, नवरा पेटर हा योनासचा समुपदेशक, मुली फ्रान्सिस्का आणि एलिझाबेथ. पेटरचे वडील हेल्गे, ज्यांना आता फारसं भान राहत नाही. टीडेमान: रेगिनाचं हॉटेल, नवरा अलेक्सांडर अणुवीज केंद्राचा प्रमुख, मुलगा बार्टोश हा योनासचा जिवलग मित्र. तो आता मार्टाबरोबर आहे. योनासला ती आवडायची.

आणि उल्रिखचं हानाशी चाललंय. पाणी आणायला उठायचा प्रसंग तो हाच.

माझी आई पाचव्या मिनिटाला म्हणाली, 'थांबव जरा, कागद आण.' वहीच्या मागच्या पानावर तिने चार चौकटी आखल्या आणि नावं लिहिली, शेजारी खुणा: 'पिवळा रेनकोट', 'दाढीवाला', 'हॉटेलवाली'. गावाकडच्या भाऊबंदकीची सवय असलेल्या माणसाला हे जड जात नाही. इंटरनेटवर तयार वंशावळी मिळतात, त्या मात्र चुकूनही उघडू नका. पहिल्या नजरेत मालिकेचा गाभा फुटेल. आईची वही बरी.

मला तर ही साधी पोलिसकथा वाटली. यात विज्ञानकथा कुठे आहे?

वाटायलाच हवी. याच भागाचं मला सगळ्यात जास्त कौतुक आहे ते या गोष्टीसाठी. यंत्र नाही, प्रयोगशाळा नाही, पांढऱ्या कोटातला कुणी काही समजावून सांगत नाही. मूल हरवलंय, नवरा खोटं बोलतोय, आई एकटी पडलीय. कुठल्याही गावात घडेल असं घरगुती दुःख. वीज जाते-येते, तर आपल्याला त्यात नवल ते काय! विज्ञान एवढं मागे ठेवलंय की शेवटच्या पाच मिनिटांत ते पुढे येतं तेव्हा आधीची पंचेचाळीस मिनिटं मनात उलटी फिरवून बघावी लागतात.

एक जागा दाखवतो. सकाळची घाई, नाश्त्याचं टेबल. मिक्केल बापाला जादू दाखवतो, वस्तू एका जागची दुसऱ्या जागी. उल्रिख विचारतो, कसं केलंस? पोरगं गंभीर चेहऱ्याने म्हणतं: प्रश्न 'कसं' हा नाही, 'कधी' हा आहे. जर्मनमध्ये ते 'वी' आणि 'वान' असे एकाच अक्षराने सुरू होणारे शब्द आहेत. मराठीतही 'कसं' आणि 'कधी' असे ते आपोआप जुळतात. आपण हसतो, पोरगं गोड आहे म्हणतो, आणि पुढे जातो. रात्री तेच पोरगं हरवतं, आणि सगळं गाव एकच प्रश्न विचारत जंगलभर हिंडतं: कुठे? मालिकेने खरा प्रश्न सकाळीच सांगून टाकलेला असतो, तोही बशीशेजारी.

33 वर्षांचं काय प्रकरण आहे?

2019 मधून 1986 वजा करा. माड्स गेल्याला 33 वर्षं झाली. हेल्गे म्हातारा येऊन बडबडतो की 'हे पुन्हा घडणार', तेही इथेच जोडा. मालिकेतलं बाकीचं सांगत नाही, पण 33 हा आकडा हवेतून आलेला नाही एवढं पंचांगावरून सांगता येतं.

चांद्रवर्ष साधारण 354 दिवसांचं, सौरवर्ष 365 चं. दरवर्षी जवळजवळ 11 दिवसांची तूट. आपण ती अधिक महिना घालून भरून काढतो, म्हणून दिवाळी पावसाळ्यात जात नाही. हिजरी कालगणनेत अधिक महिना नाही, म्हणून रमजान कधी उन्हाळ्यात येतो, कधी थंडीत, आणि साधारण 33 वर्षांत सगळे ऋतू फिरून मूळ जागी येतो. 33 सौर वर्षं आणि 34 चांद्र वर्षं मोजली, तर दोन्हींत जेमतेम चार-पाच दिवसांचा फरक पडतो. सूर्य आणि चंद्र पुन्हा जवळपास त्याच मांडणीत. आमच्याकडे हे गणित शेजारच्या काकांनी कॅल्क्युलेटर न घेता केलं.

आणि ते अणुवीज केंद्र? नुसतं भीतीदायक दिसतं म्हणून घेतलंय का?

नाही. जर्मन प्रेक्षकाला ते धुरांडं बघून जे आठवतं, ते आपल्याला माहीत असायला हवं.

26 एप्रिल 1986 ला चर्नोबिलचा स्फोट झाला. काही दिवसांत वारा आणि पाऊस किरणोत्सर्गी धूळ घेऊन जर्मनीपर्यंत पोचला, दक्षिणेकडे बव्हेरियात जास्त. मुलांना वाळूत खेळू देऊ नका, ताजं दूध जपून, अशा सूचना निघाल्या. ओडार आणि फ्रीझ दोघंही तेव्हा आठ-नऊ वर्षांची होती. म्हणजे वाळूत खेळू नका हे ज्यांना सांगितलं गेलं, तीच पोरं. बव्हेरियातल्या रानडुकरांत आणि रानटी अळिंबीत अजूनही सिझियम-137 हा किरणोत्सर्गी पदार्थ सापडतो. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे तो निम्मा उरायला लागणारा काळ, सुमारे 30 वर्षांचं. म्हणजे 1986 मध्ये मातीत पडलेल्यापैकी 2019 मध्ये निम्म्याहून थोडं कमी शिल्लक असणार. हा हिशेब मालिकेत कुणी करत नाही, पण 'जे झालं ते गेलं' यावर त्या देशाचा विश्वास का नसावा, ते यातून कळतं.

2011 च्या फुकुशिमा अपघातानंतर जर्मनीने आपली सगळी अणुवीज केंद्रं बंद करायचं पक्कं केलं. शेवटची तीन 15 एप्रिल 2023 ला बंद झाली. विंडनचं केंद्रही बंद व्हायच्या बेतात आहे. गावातली निम्मी माणसं त्यावर जगतात आणि त्याबद्दल मोठ्याने कुणी बोलत नाही. तारापूरच्या आसपास ज्यांचं बालपण गेलंय, त्यांना हे गप्प बसणं समजावून सांगायची गरज नाही.

विंडन खरंच आहे का? जाऊन बघता येईल?

जर्मनीत विंडन नावाची गावं आहेत, पण हे त्यांतलं नव्हे. हे कल्पित. चित्रीकरण बर्लिन आणि आसपासच्या भागात झालं.

सगळं एवढं अंधारात का? टीव्हीचा ब्राइटनेस वाढवू का?

खोलीतला दिवा घालवा, ब्राइटनेस आहे तसा राहू द्या. उत्तर जर्मनीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो, त्यात आभाळ भरलेलं. म्हणून तर योनासचा पिवळा रेनकोट एवढा डोळ्यांत भरतो. हिरव्या-काळ्या जंगलात सायकलवरचा तो एक पिवळा ठिपका. आणि गंमत बघा, बापाने जीव दिला तो 21 जूनला, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या दिवशी. 'डार्क' नावाची मालिका सुरू होते ती भर उजेडात.

हे भुताखेताचं आहे का? योनासला जंगलात बाप दिसतो ना?

दिसतो. अंगाला काळं फासलेलं असावं तसा. पण योनास औषधं घेतोय, झोपत नाही, घाबरलेला आहे. पहिल्या भागापुरतं तो त्याचा भास आहे असंच धरा. दचकवायला मागून कुणी 'भॉ' करत नाही, एवढं नक्की. भीती सगळी बेन फ्रॉस्टच्या पार्श्वसंगीतातून येते, आणि तीच माझी एक तक्रारही आहे. काही ठिकाणी माणूस नुसता दार उघडतो तरी खाली ढगफुटी झाल्यासारखा आवाज येतो. आवाज दोन घरं कमी चालला असता.

दुसरी तक्रार: या गावात कुणी हसत का नाही? एवढ्या चार घरांत एक तरी विनोदी काका निघायला हवा होता. मिक्केलच काय तो खेळकर, आणि त्यालाच गायब केला.

शेवटी सापडलेला मृतदेह कुणाचा? आणि ती खोली?

मिक्केलचा नाही. उल्रिख पोलिसांना बाजूला सारत धावतो, वाकून बघतो, आणि त्याच्या चेहऱ्यावर आधी सुटका येते, मग त्या सुटकेची लाज. दुसऱ्या कुणाचं तरी पोर मेलंय आणि आपल्याला बरं वाटलं. ऑलिव्हर मासुची या नटाने हे दोन-तीन सेकंदांत, एक शब्द न बोलता केलंय. मागे नेऊन पुन्हा बघा.

मेलेल्या मुलाच्या डोळ्यांची भाजून दशा झाली आहे. गावात हरवलेला दुसरा मुलगा एरिक, त्याला आपण नंतर एका खोलीत बघतो: मुलांच्या खोलीसारखा भिंतीवरचा कागद, जुना टीव्ही, त्यावर ऐंशीच्या दशकातलं गाणं. आता स्वतःलाच विचारा. एक मुलगा खोलीत, एक हरवलेला, तर हा तिसरा कोण? 'कुठून आला' असं विचारू नका. मिक्केलने सकाळी काय सांगितलं होतं?

दुसरा भाग लगेच लावू, की पहिलाच पुन्हा बघू?

दुसरा लावा. फक्त त्याआधी पहिल्याची सुरुवातीची दोन मिनिटं परत बघा: फोटो लावलेली भिंत, एका चेहऱ्यापासून दुसऱ्याकडे जाणारे दोरे. पहिल्यांदा ते चेहरे अनोळखी होते. आता काही ओळखू येतील. काही ओळखीचे वाटतील पण वय जुळणार नाही. आईच्या वहीत त्या दिवशी तिथे एक प्रश्नचिन्ह पडलं, पेन दाबून काढलेलं.

आणि एक गंमत. मालिका आली 2017 मध्ये, गोष्ट 2019 ची. पहिल्या प्रेक्षकांसाठी 4 नोव्हेंबर 2019 ही यायची तारीख होती. तुमच्यासाठी ती होऊन गेली. भाग तोच.

पत्रात काय आहे?

इनेसच्या स्वयंपाकघरात 10 वाजून 13 मिनिटं झालीत, तिने पाकीट फोडलंय. तिचा चेहरा तुम्ही बघितलात, मीही बघितला. त्यापुढचं मी सांगणार नाही.